मागण्याआधी दिलेली भाकरी

‘सेवा’ हा शब्द आपल्याकडे आता फार स्वस्त झाला आहे. सभेतील आभारप्रदर्शनापासून दुकानाच्या पाटीपर्यंत तो सारख्याच सहजतेने वापरला जातो आणि म्हणूनच कानी पडला तरी मनात काही हलत नाही. या शब्दाला पुन्हा वजन कशाने येईल याचा विचार करू लागलो की आम्हांला ख्रिस्ती धर्मग्रंथातील एक जागा आठवते. करिंथ नगरीतील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल स्वतः सोसलेल्या फटक्यांचा, तुरुंगवासाचा, जागरणांचा आणि उपासमारीचा पाढा वाचतो. तो संपल्यावर कुरकुर न करता एवढेच कळवतो की, तुमच्यासाठी आमच्या मनात हवी तेवढी जागा आहे. संकोच असलाच तर तो तुमच्या बाजूचा आहे. आपण मराठीत ‘मन मोठे आहे’ असे म्हणतो तेव्हा तो बहुधा जन्मजात स्वभावगुण समजतो. पौलाच्या पत्रातील क्रम निराळा आहे. आधी सोसणे, मग रुंद होणे. घरात पाहुणे वाढले की गृहिणी आधी आपले अंथरूण उचलते, हे आमच्या वाचक भगिनींना निराळे सांगायला नको.

या क्रमाचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही पंडिता रमाबाईंचे नाव घेऊ. हे नाव निघाले की मराठी घरांत अजूनही दोन तऱ्हेचे आवाज उठतात. एक त्यांच्या विद्वत्तेचे आणि स्त्रीशिक्षणाच्या कार्याचे गोडवे गातो व धर्मांतराचा विषय हळूच बाजूला सारतो. दुसरा धर्मांतरापाशीच थांबतो आणि पुढचे काही ऐकून घ्यायला तयार नसतो. ज्या कार्याला त्या स्वतः ख्रिस्तसेवा म्हणत ते प्रत्यक्षात कसे होते, त्यात कोणाला वाट मिळाली आणि वाट देणारीने काय गमावले, हा भाग दोन्ही गडबडींत मागे पडतो. आज त्याच भागाविषयी लिहावयाचे आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपणांसारख्यांना रमाबाई आणखी एका नात्याने जवळच्या आहेत. त्यांचा जन्म पुण्यात किंवा कोकणात झालेला नाही. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रानात, गंगामूळ येथे त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन कुटुंबातले. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले, एवढ्याच अपराधाबद्दल त्यांना शास्त्रीमंडळींपुढे आपली बाजू मांडावी लागली. लेकीला संस्कृत आले ते या आईकडून, पहाटेच्या अंधारात, पुस्तकाशिवाय. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. घर नाही, गाव नाही. मराठी मात्र बरोबर. परप्रांतात भाषा कशी तगते याचा एक धडाच तो.

आणि मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यातील त्या वर्षांच्या दुष्काळात पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कोण उरणार? होते ते दागिने, भांडी, वस्त्रे विकून झाली. मजुरी करण्याची कोणाला सवय नाही आणि भीक मागण्याची लाज. रानातली पाने खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली वडील गेले. पाठोपाठ आईने अंथरूण धरले.

त्या दिवसांतला एक प्रसंग रमाबाईंनी पुढे लिहून ठेवला आहे. तापात असलेल्या आईला बाजरीच्या भाकरीच्या तुकड्याची इच्छा झाली. मुलगी शेजारच्या एका ब्राह्मण बाईंकडे गेली. बाई मायेने बोलल्या. पण मागण्यासाठी काही केल्या हिचे तोंड उघडेना. डोळ्यांतले पाणी तिने निग्रहाने अडवले तर ते नाकावाटे वाहू लागले. बाईंनी तोंडाकडे पाहून ओळखले आणि आपण होऊनच विचारले, काही खायला हवे का? तेव्हा कुठे भाकरीचा एवढासा तुकडा हवा आहे एवढे शब्द निघाले. तुकडा घेऊन मुलगी धावत आईकडे आली. आईला तो गिळवला नाही. थोड्याच दिवसांत ती गेली. मग थोरली बहीणही गेली, आणि रमा व तिचा भाऊ श्रीनिवास अशी दोघेच उरली.

आम्हांला असे वाटते की रमाबाईंच्या सर्व पुढील आयुष्याची किल्ली या प्रसंगात आहे. ती भाकरी उपयोगी पडली नाही. आई वाचली नाही. तरीही ती देणारी बाई त्यांच्या मनात राहिली, आणि तिने दिले कसे तेही राहिले. मागणाऱ्याला मागावे लागू नये अशा बेताने तिने दिले होते. ही बाई ख्रिस्ती नव्हती, कोणत्या संस्थेची कार्यकर्ती नव्हती, तिने धर्माचा एक शब्द उच्चारला नाही. दुष्काळात स्वतःच्या डब्यातली बाजरी मोजत असलेली ती एक संसारी बाई होती. सेवेचा पहिला पाठ रमाबाईंना असा एका हिंदू घराच्या उंबऱ्यावर मिळाला आणि त्याचे मोल त्या जन्मभर विसरल्या नाहीत. असे असताना त्यांचे पुढचे कार्य एकाच धर्माच्या खात्यावर सरसकट मांडणे आम्हांला योग्य वाटत नाही. आणि त्यांनी स्वतः ते कोणाच्या नावाने केले हे दडपून टाकणेही योग्य नव्हे.

मधला इतिहास अनेकांस ठाऊक आहे, म्हणून तो भरभर ओलांडू. बहीणभाऊ हजारो मैल पायी चालून १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह झाला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. चोवीस वर्षांच्या आत आईवडील, बहीण, भाऊ आणि नवरा असे सारे काढून घेतले गेले होते. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका व डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली, आणि १८८३ साली वैद्यकी शिकण्यासाठी लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होणे राहूनच गेले.

इंग्लंडमधील वाँटेज गावच्या मठवासिनी भगिनींनी त्यांना आश्रय दिला होता. या भगिनींनी त्यांना एकदा लंडनमधील फुलम येथील आपले काम दाखवले. ज्या स्त्रियांचे पाऊल वाकडे पडले म्हणून समाजाने त्यांना टाकले, अशा स्त्रियांना तेथे जवळ करून, शुश्रूषा करून, कामाला लावून माणसांत आणले जात होते. टाकलेल्या बाईला पुन्हा उभी करता येते ही गोष्ट रमाबाईंना नवी होती. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे करून झालेल्या, परक्या जातीच्या बाईशी येशू बोलतो आणि तिच्या हातचे पाणी मागतो, ती कथा. विहीर, पाणी आणि विटाळ हे तीन शब्द एकत्र आले की ब्राह्मण घरात वाढलेल्या विधवेला काय वाटले असेल याची कल्पना आपल्या वाचकांना सहज येईल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण त्यांनी धर्म घेतला, धन्याची चाकरी घेतली नाही. मिशनऱ्यांच्या साऱ्याच गोष्टी त्यांना पटत नव्हत्या आणि न पटलेल्या गोष्टी पटल्याचे सोंग त्यांना येत नव्हते. मांसाहार केला नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे धर्माधिकाऱ्यांचे म्हणणे पडले तेव्हा त्यांनी खरमरीत उत्तरे लिहिली. वाँटेजच्या जेराल्डिन भगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. ज्यांना या बाईंच्या श्रद्धेत लाचारी होती असे वाटते त्यांनी तो जरूर पाहावा. एका बाजूला पुणे रागावलेले, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या घरी राहिलो त्यांचीही नाराजी. मध्ये एकटी बाई. मोकळ्या मनाची ही किंमत आपण सहसा हिशेबात धरत नाही. जो दोन घरांत प्रेमाने वावरतो त्याला दोन्ही घरे परका समजू लागतात. सीमेवर आणि परप्रांतात राहिलेल्या मराठी माणसाला याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक लिहून त्यांनी उच्चवर्णीय विधवांची स्थिती मांडली. बॉस्टन येथे सहायक मंडळ स्थापन झाले, दहा वर्षे खर्च चालवण्याचे अभिवचन मिळाले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, कर्वे कुटुंबाच्या बाया, झाल्या. त्यांचा विवाह १८९३ साली झाला. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

शारदा सदनाचा नियम असा होता की कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही. ब्राह्मण मुलींना आपला आचार पाळता यावा म्हणून स्वयंपाकपाण्याची व्यवस्था तशी ठेवली होती. ज्या बाईने स्वतः जात सोडली तिने दुसऱ्याची जात सांभाळण्यासाठी आपल्याच घरातील चुलीपासून दूर राहायचे, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही. दुसऱ्याचे सोवळे सांभाळताना आपणच आपल्या घरात ओवळे ठरतो आणि तरी चेहऱ्यावर आठी येऊ द्यायची नाही. ज्या सासुरवाशिणींनी हे केले आहे त्यांना त्यातला ताण कळेल.

रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार लावून घेत नसत. मुलींनी यावे असे त्यांनी सांगितले नाही, येऊ नये असेही म्हटले नाही. काही मुली येऊन बसू लागल्या. वादाला तोंड फुटले ते या उघड्या दारावरून. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेला अधिक उत्कट वळण लागले होते आणि ते लपवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८९३ साली पुण्यात काहूर उठले. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

या प्रकरणात न्याय कोणाचा? आमचे मत थोडे अडचणीचे आहे. पालकांची तक्रार केवळ कर्मठपणाची नव्हती. जिथे मुलीला पहिल्यांदाच कोणी माणसासारखे वागवते, जेवू घालते, शिकवते, तिथे त्या व्यक्तीचा देवही मुलीला जवळचा वाटणार. त्यासाठी उपदेशाची गरज नाही. प्रेमच ओढ लावते. म्हणजे दार उघडे ठेवणे ही तटस्थता खरी, पण ती पुरेशी तटस्थता नव्हे, असे त्या बापांना वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे. मात्र दुसराही प्रश्न विचारायला हवा. त्या मुलींना परत नेणाऱ्या घरांनी त्यांच्यापुढे कोणते दार उघडले? ज्या थोड्यांचा पुनर्विवाह झाला किंवा शिक्षण चालू राहिले त्या भाग्यवान. इतरांच्या वाट्याला पुन्हा ते माजघर आणि तीच लाल आलवणे आली. धर्म वाचवण्याची घाई झालेल्यांनी माणूस वाचवण्याचीही तेवढीच घाई केली असती तर हा वाद फार लवकर मिटला असता. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा या वादाला खरे उत्तर मिळाले असे आम्ही मानतो. आणि त्या उत्तराच्या घरात शारदा सदनची पहिली मुलगी नांदत होती.

आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्यासाठी हा लेख लिहिण्यास घेतला. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. शारदा सदनचा पैसा बॉस्टनचा होता आणि तो उच्चवर्णीय विधवांसाठी होता. शाळा नीट चालली होती. वादळातून सावरलेल्या संस्थेने आता शांतपणे आपले काम करावे असा व्यवहारी सल्ला कोणीही दिला असता. रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवला. त्या उठून मध्य प्रांतात गेल्या. गरीबखान्यांतून आणि दुष्काळी छावण्यांतून कोवळ्या मुली कोणाच्या हाती पडत आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि तीनशेच्या आसपास मुली आणावयाच्या असे ठरवले. हाती त्यासाठी निधी नव्हता.

मुली आल्या तेव्हा पुण्यात प्लेग होता. नव्या माणसांना शहरात ठेवता येईना. केडगावला, पुण्यापासून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, संस्थेला फळबागेचे उत्पन्न असावे म्हणून पूर्वीच घेतलेली जमीन होती. तेथे तंबू आणि छपरे उभारून मुलींना नेण्यात आले. मुक्ती सदन असे सुरू झाले. इमारतीचा आराखडा, देणगीदारांची यादी, उद्‌घाटनाचा मुहूर्त यांपैकी काहीच आधी नव्हते. आधी भुकेलेली मुले आली आणि मग त्यांच्याभोवती संस्था वाढली.

दुष्काळातून उचललेले मूल कसे असते हे पाहिल्यावाचून दयेच्या गोष्टी बोलणे सोपे असते. चित्रातल्या अनाथाप्रमाणे ते डोळे वर करून कृतज्ञतेने पाहत बसत नाही. अंगावर खरूज, डोक्यात उवा, हगवण लागलेली. पोटभर वाढले तर त्यानेच दगावण्याची भीती, म्हणून घोट घोट पेज. पुढ्यातले अन्न कमरेला लपवते, शेजारणीचे ओढते, जवळ घेणाऱ्याला बोचकारते. जगाने त्याला शिकवलेले असते ते एवढेच. अशा तीनशे मुलींना न्हाऊमाखू घालणे, रात्री उठून त्यांची घाण काढणे, आणि सकाळी त्यांच्याशी पुन्हा गोड बोलणे, याला आम्ही सेवा म्हणतो. व्यासपीठावरच्या संस्कृत पंडितेने आयुष्याचा उत्तरार्ध यात घातला.

१८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुताना होरपळून निघाले. छप्पनियाचा काळ म्हणून बडोद्याकडील जुन्या घरांत त्याच्या आठवणी सांगत असत. रमाबाईंची माणसे तेथेही गेली आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. आमच्या स्वयंपाकघरी हिशेबाने, माणशी वेळेला दोनच भाकऱ्या धरल्या तरी दिवसाला आठ हजार भाकऱ्या होतात. त्याला लागणारे धान्य, ते दळणारे हात, पाण्याच्या विहिरी, सरपण आणि दोन हजार अंगांवर घालायचे कापड यांचा विचार केला की भक्ती या शब्दाला एकदम घामाचा वास येऊ लागतो. विहिरी खणल्या, शेती केली, दूधदुभते ठेवले, माग बसवले, तेलाचा घाणा चालवला, छापखाना उभा केला. मुलींनीच ही कामे शिकली. बसून खाल्लेला घास अंगी लागत नाही हे रमाबाईंना ठाऊक होते.

एक प्रश्न येथे टाळता येणार नाही. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. तिथे शारदा सदनची तटस्थता नव्हती, प्रार्थना होती, बाप्तिस्मे होत होते. उपाशी मुलीने स्वीकारलेला धर्म तिने मोकळ्या मनाने स्वीकारला असे म्हणता येईल काय? आम्हांला वाटते, नेहमी म्हणता येणार नाही. अन्न देणाऱ्याच्या हातात सत्ता असते आणि ती त्याने कितीही विसरली तरी घेणारा विसरत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि प्रत्येक धर्माच्या प्रत्येक अन्नछत्राला तो लागू आहे. रमाबाईंच्या बाजूने एवढे सांगता येते की त्यांनी मुलींना आत घेताना कोणतीही अट घातली नाही. जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, पूर्वायुष्य विचारले नाही. तेवढ्याने आक्षेप पुरता पुसला जातो असे आमचे म्हणणे नाही. पण त्या छावण्यांच्या बाहेर दुसरे कोण उभे होते, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. दलाल उभे होते.

आणि रमाबाईंचे दार प्रत्येक वेळी आधीच्याहून रुंद होत गेले. प्रथम उच्चवर्णीय विधवा. मग दुष्काळातील कोणत्याही जातीच्या मुली. मग ‘कृपा सदन’, जिथे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना जागा मिळाली. फुलमला पाहिलेले काम केडगावच्या माळावर उतरले ते असे. वृद्धांसाठी ‘प्रीती सदन’ निघाले. आंधळ्यांसाठी ‘बार्तिमी सदन’ झाले. शुभवर्तमानातील आंधळ्या भिकाऱ्याचे नाव त्याला दिले होते. मनोरमाबाईंनी तेथे ब्रेल लिपी शिकवली. दर वेळी दार रुंद झाले की कोणी तरी जुना मित्र बाहेर पडला, कारण ज्याला विधवांबद्दल कणव होती त्याला त्याच आवारात कृपा सदन नको असे. देणाऱ्यांच्या दयेलाही सोयरसुतक असते, हे या इतिहासातून स्पष्ट दिसते.

सरकारची मर्जीही त्यांनी जपली नाही. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांच्या अब्रूची काय अवस्था आहे याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. आपल्या संस्थेतील एका मुलीच्या वाट्याला आलेला प्रकार त्यात होता. गव्हर्नरसाहेबांनी आरोप नाकारले. ज्या बाईला इंग्रजांची हस्तक म्हणून हिणवले जाई तिने इंग्रजी अंमलाशी असा वाद घातला, आणि तोही मोठ्या राजकीय प्रश्नासाठी नव्हे, एका निराधार पोरीसाठी. पुढे १९१९ साली त्याच सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले, हा भाग वेगळा.

त्यागाविषयी बोलताना आपण बहुधा त्यागणाऱ्याचेच कौतुक करतो. त्याच्या घरातल्यांनी काय दिले हे विचारीत नाही. मनोरमेने बालपणाचा मोठा भाग आईपासून दूर, परक्या देशांतील शाळांत घालवला. परत आली ती दोन हजारांच्या आईची एक मुलगी होऊन. लग्न केले नाही. शारदा सदन चालवले, आणि निजामाच्या मुलखात गुलबर्गा येथे, त्याच पुणे-रायचूर लोहमार्गावर, मुलींची शाळा काढण्याचे काम तिने अंगावर घेतले. आईने आपल्या वाट्याचे आयुष्य वाटून टाकले ते आपण होऊन. लेकीचे आयुष्य त्यात किती आपोआप गेले हे सांगणे अवघड आहे. रमाबाईंच्या चरित्रकारांनी या बाजूला आणखी जागा द्यायला हवी होती असे आम्हांला राहून राहून वाटते. २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी मनोरमाबाई वारल्या. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच गेली.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी अधू, प्रकृती खालावलेली. गेली अनेक वर्षे त्यांनी एक काम हाती धरले होते. खेड्यातल्या अशिक्षित बाईला वाचता येईल, वाचून दाखवले तर समजेल, अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणायचे. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीचे भाषांतर होते. पण त्यातली मराठी केडगावच्या मुलींना पंडिती वाटे. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांशी संस्कृतात संवाद केला तिने शेवटची वर्षे सोपा शब्द शोधण्यात घालवली. लेक गेल्यानंतरचे आठ महिनेही त्यातच गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

१९२४ साली तो ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. खिळे जुळवणे, छपाई, घड्या घालणे आणि बांधणी ही सर्व कामे मुक्ती सदनातील स्त्रियांनी केली. त्यांतल्या कित्येकजणी पंचवीस वर्षांपूर्वी दुष्काळी छावण्यांतून आल्या होत्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती.